पूर्व रोंगबुकची वाट कुणी शोधली?

एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने चढणाऱ्या गिर्यारोहकांची वाट आज ठरलेली आहे. रोंगबुक मठ मागे टाकून ते दक्षिणेला निघतात. पुढे डाव्या हाताला एक अरुंद घळ लागते. तिच्यात वळून ते पूर्व रोंगबुक हिमनदीवर येतात आणि तिच्या माथ्याशी नॉर्थ कोलच्या पायथ्याला पोचतात. नॉर्थ कोल म्हणजे एव्हरेस्ट आणि त्याच्या उत्तरेचे चांगत्से शिखर यांच्यामधली बर्फाळ खिंड. ती चढली की शिखराकडे जाणारी धार हाती येते. १९२१ साली ब्रिटिशांची पहिली एव्हरेस्ट मोहीम अशीच एखादी वाट शोधायला तिबेटात गेली. तिचे दोन मुख्य गिर्यारोहक, जॉर्ज मॅलरी आणि गाय बुलक, महिनाभर या परिसरात वावरले. घळीतून बाहेर पडणारा ओढा त्यांनी पाहिला, पण आत न शिरताच ते निघून गेले. घळीमागची हिमनदी कागदावर आणली ती त्यांच्याच मोहिमेतल्या एका सर्वेक्षकाने. त्या सर्वेक्षकाबद्दल मॅलरीच्या मनात सुरुवातीपासून अढी होती.

हे कसे घडले, हे तपासायला पुरेशी साधने उरली आहेत. पहिले साधन म्हणजे १९२२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला मोहिमेचा अधिकृत ग्रंथ. त्यात प्रवासाची हकिकत मोहिमेचा नेता चार्ल्स हॉवर्ड-बरी याने लिहिली आहे, पर्वताच्या पाहणीची प्रकरणे मॅलरीची आहेत. दुसरे साधन मॅलरीने पत्नी रुथला लिहिलेली पत्रे. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजने ती जपली आणि २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिसरे, बुलकची रोजनिशी. ती १९६२ साली ‘अल्पाइन जर्नल’मध्ये छापली गेली. चौथे, सर्वेक्षक ऑलिव्हर व्हीलर याची रोजनिशी. ती कॅनडात त्याच्या मुलाने सांभाळली होती, आणि वेड डेव्हिस या लेखकाने २०११ च्या आपल्या ग्रंथात तिचा आधार घेतल्यावर ती सर्वदूर माहीत झाली. ग्रंथ जगासाठी लिहिलेला, पत्रे पत्नीसाठी, रोजनिश्या स्वतःसाठी. त्यामुळे एकच घटना प्रत्येक ठिकाणी कमीअधिक वजनाने येते. अशा वेळी लेखकाच्या सुरापेक्षा घटनांच्या क्रमावर भिस्त ठेवणे बरे.

माणसे आणि त्यांच्यातली तेढ

१९२० च्या डिसेंबरात तिबेटची परवानगी मिळाली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि अल्पाइन क्लब या दोन संस्थांनी मिळून एव्हरेस्ट समिती नेमली, आणि १९२१ च्या मे महिन्यात मोहीम दार्जिलिंगहून निघाली. नेता हॉवर्ड-बरी हा आयर्लंडमधला सधन जमीनदार आणि लष्करी अधिकारी. गिर्यारोहणाची सूत्रे हॅरल्ड रेबर्न या छप्पन वर्षांच्या स्कॉटिश गिर्यारोहकाकडे. त्याच्या जोडीला अलेक्झांडर केलस. सिक्कीमची हिमशिखरे एकामागून एक चढलेला, उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केलेला हा रसायनशास्त्रज्ञ. मॅलरी चौतीस वर्षांचा शाळामास्तर, आल्प्समध्ये नाव कमावलेला. जॉर्ज फिंच हा तेवढ्याच ताकदीचा गिर्यारोहक वैद्यकीय तपासणीत ऐन वेळी वगळला गेला, आणि त्याच्या जागी मॅलरीने सुचवलेला त्याचा शाळासोबती बुलक आला. मॅलरी आणि बुलक दोघांनीही हिमालय यापूर्वी पाहिलेला नव्हता. डॉक्टर म्हणून वॉलस्टन, सर्व्हे ऑफ इंडियाकडून मेजर हेन्री मॉर्सहेड आणि मेजर व्हीलर, आणि जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडून हेरन हे आणखी चौघे.

मॅलरीची वाटेवरची पत्रे वाचताना या नऊ जणांचा मेळ किती अवघड होता ते कळते. हॉवर्ड-बरीत त्याला जमीनदारी तोरा आणि आपल्याहून वेगळ्या माणसांबद्दलची असहिष्णुता दिसली. रेबर्न त्याला हेकट वाटला. केलस, वॉलस्टन आणि मॉर्सहेड त्याला आवडले. व्हीलरशी त्याचे अजून धड बोलणेही झाले नव्हते, तरी कॅनडाच्या माणसांबद्दल आपल्याला मुळातच नावड आहे आणि हा गृहस्थ पचनी पडायला कष्ट पडणार, अशा अर्थाचे त्याने रुथला कळवले. व्हीलर कॅनडाचा. त्याचे वडील आर्थर व्हीलर हे तिथले नामांकित सर्वेक्षक आणि कॅनडाच्या अल्पाइन क्लबचे संस्थापक. मुलगा लहानपणापासून वडिलांबरोबर रॉकी पर्वतात मोजणीच्या कामावर हिंडलेला. म्हणजे हिमनद्यांच्या प्रदेशात वाट काढण्याचा आणि ती वाट कागदावर उतरवण्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी होता, त्याच्याकडे मोहिमेचा सर्वांत धडाडीचा गिर्यारोहक पाठ फिरवून उभा होता.

खांपा झोंगच्या अलीकडे केलसला हगवणीने गाठले. तो त्याच वसंतात सिक्कीममधल्या चढाया उरकून, थकलेल्या शरीराने मोहिमेत आला होता. हमाल त्याला उचलून नेत होते. ५ जूनला वाटेतच त्याचे हृदय बंद पडले. त्या क्षणी मोहिमेतला एकही सहकारी त्याच्याजवळ नव्हता, आणि ही गोष्ट मॅलरीला किती लागली ते त्याच्या पत्रांत उमटले आहे. खांपा झोंगला, जिथून पौहुन्री, चोमयोमो ही केलसने चढलेली शिखरे दिसतात, तिथे त्याला पुरले. पाठोपाठ रेबर्नही आजारी पडला आणि त्याला सिक्कीमला परत पाठवावे लागले. दोन आठवड्यांच्या आत दोन्ही ज्येष्ठ गिर्यारोहक गेले आणि वाट शोधण्याची सगळी जबाबदारी हिमालयात नवख्या असलेल्या दोघांवर आली.

रोंगबुकमधला महिना

१९ जूनला मोहीम तिंग्रीला पोचली. इथून कामाची वाटणी झाली. मॉर्सहेड आणि त्याचे सर्वेक्षक आजूबाजूचा प्रदेश मोजायला गेले, व्हीलर आणि हेरन पश्चिमेला क्येत्राक हिमनदीकडे. मॅलरी आणि बुलक २३ तारखेला निघाले आणि दोनच दिवसांत रोंगबुक खोऱ्यात येऊन एव्हरेस्टसमोर उभे राहिले.

पुढचा महिना त्यांनी जिवापाड मेहनत केली, याबद्दल शंका नाही. सोबतच्या शेर्पा आणि भोटिया हमालांना त्यांनी दोर आणि कुऱ्हाड वापरायला शिकवले. मुख्य हिमनदीवर बर्फाचे टोकदार सुळके इतके दाटीने उभे होते की मधून वाट काढताना दिवस सरत असे. १ जुलैला मॅलरी हिमनदीच्या माथ्यापर्यंत गेला. तिथून नॉर्थ कोलची पश्चिमेकडची भिंत समोर दिसते. ती त्याला ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी फार उभी आणि धोक्याची वाटली. मग ५ जुलैला तो आणि बुलक रि-रिंग या सुमारे ६,८०० मीटर उंच शिखरावर चढले आणि तिथून त्यांनी सगळी रचना न्याहाळली. पश्चिम शाखेवरूनही त्यांनी शोध घेतला. १९ जुलैला एका खिंडीवरून त्यांना नेपाळच्या हद्दीतली वेस्टर्न क्वूम ही बर्फाळ दरी दिसली. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग त्याच क्वूममधून वर गेले. पण १९२१ मध्ये नेपाळ परक्यांना बंद होता, आणि खिंडीपलीकडचा उतारही भयंकर होता.

आता एकच प्रश्न उरला होता. नॉर्थ कोलची पूर्व बाजू सोपी असेल, तर तिथपर्यंत जायचे कुठून? कोलच्या पूर्वेला बर्फाचे मोठे कुंड असणार हे दिसतच होते. त्या कुंडातली हिमनदी वाहते कुठे, यावर सगळे अवलंबून होते. ती पूर्वेला अरुण नदीच्या खोऱ्याकडे वाहत असेल, तर पर्वताला वळसा घालून पूर्वेच्या खार्ता खोऱ्याच्या बाजूने यावे लागणार. ती उत्तरेला वळून रोंगबुकलाच मिळत असेल, तर वाट त्यांच्या तळाजवळच होती.

मॅलरीने पहिली शक्यता खरी मानली. कारण त्याच्या ग्रंथातल्या विवेचनातच सापडते. रोंगबुकला पूर्वेकडून मिळणारा ओढा त्यांनी पाहिला होता, पण तो आणि त्याची घळ एवढ्या मोठ्या कुंडाच्या मानाने फारच लहान वाटली. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा चकवा ओळखीचा आहे. नाळेचे तोंड दोन कड्यांत चिमटलेले असते, आणि आत शिरल्याशिवाय मागे केवढे खोरे दडले आहे ते कळत नाही. घळीत शिरून खात्री करून घ्यायचा विचार त्यांच्याही मनात होता. पण नेमक्या त्या दिवसांत आणखी एक आपत्ती आली.

मॅलरीने महिनाभर काढलेली छायाचित्रे हॉवर्ड-बरीकडे धुण्यासाठी गेली होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की छायाचित्रे उमटलीच नाहीत. कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा मॅलरीने उलट्या बसवल्या होत्या. प्लेटची रसायन लावलेली बाजू भिंगाकडे हवी. ती पाठीमागे गेल्याने सगळे काम वाया गेले. पाहणीच्या मोहिमेत छायाचित्र हाच पुरावा. मॅलरी मनाने खचला, आणि हातात उरलेले मोकळ्या हवेचे दिवस त्या जागांवर पुन्हा चढून छायाचित्रे काढण्यात गेले. पावसाळी बर्फ वाढत होता. २५ जुलैला त्यांनी तळ हलवला आणि घळ तशीच मागे राहिली.

मोजणीदार मागे थांबतो

याच सुमारास व्हीलर क्येत्राकचे काम संपवून रोंगबुकमध्ये आला आणि गिर्यारोहक गेल्यावरही तिथेच राहिला. त्याची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण या गोष्टीचे इंगित तिच्यात आहे. तो छायाचित्रांवरून नकाशा करी. कॅनडाच्या डोंगरांत ही रीत रुळलेली होती. एखाद्या उंच धारेवर कॅमेरा आणि थिओडोलाइट चढवायचे, चारी दिशांची चित्रे घ्यायची, कोन वाचायचे. मग दुसऱ्या धारेवर जाऊन त्याच शिखरांची चित्रे पुन्हा घ्यायची. दोन ठिकाणांहून दिसलेल्या एकाच टोकाच्या रेषा कागदावर जिथे छेदतात, तिथे ते टोक. या रीतीत अंदाजाला जागा नाही. जे खोरे कुठल्याच ठाण्यावरून दिसले नाही, ते नकाशावर कोरे राहते, आणि कोरी जागा भरायची तर तिथे जावेच लागते.

हे काम पावसाळ्यात करणे म्हणजे शरीराची परीक्षा. थोडे हमाल घेऊन व्हीलर पहाटे ठाण्यावर चढे आणि वाऱ्यात, कडाक्याच्या थंडीत ढग हटायची वाट पाहत तासन् तास बसे. बरेच दिवस ढग हटतच नसत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चढण. या काळात त्याची प्रकृतीही वारंवार बिघडत होती, आणि सोबतीला बोलायला मोहिमेतले कुणी नव्हते. अशा स्थितीत ऑगस्टच्या सुरुवातीला तो त्या पूर्वेच्या घळीत शिरला. आत त्याला मोठी हिमनदी आढळली. ती नॉर्थ कोलच्या दिशेने वर जात होती आणि खाली रोंगबुकलाच मिळत होती. त्याने कच्चा नकाशा काढून हॉवर्ड-बरीकडे पाठवला.

तोवर मॅलरी आणि बुलक पर्वताच्या दुसऱ्या अंगाला होते. खार्ताहून ते एका वाटाड्याच्या मागोमाग लांगमा खिंड ओलांडून कामा खोऱ्यात उतरले. तिथे एव्हरेस्टची प्रचंड पूर्व भिंत त्यांच्यासमोर आली. जवळच्या एका शिखरावर चढून मॅलरीने खात्री करून घेतली: या भिंतीवर वाट नाही, आणि इथून नॉर्थ कोललाही जाता येत नाही. मग ते खार्ताच्या खोऱ्यात परतले.

याच दिवसांतले रुथला लिहिलेले एक पत्र महत्त्वाचे आहे. दोघेच दोघे आठवडेच्या आठवडे एकत्र राहिले की काय होते, ते मॅलरीने त्यात कुणालाही न वाचवता लिहिले आहे. आपण आणि बुलक एकमेकांशी चढाओढ करू लागलो, बारीकसारीक गोष्टींत आपल्या वाट्याला कमी तर येत नाही ना यावर दोघांची नजर असते, अशी ती कबुली आहे. तक्रारीत जेवणही आले. शिध्यावरून आधीच कुरबूर होती. हॉवर्ड-बरी खर्चात हात आखडता घेतो असे मॅलरीला वाटे, आणि हमालांच्या सरदारावरही त्याचा विश्वास उरला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर मॅलरी आजारी होता आणि बुलक एकटा खार्ता हिमनदीवर पुढे गेला. समोर आणखी एक उंच खिंड पाहून त्याने मॅलरीला चिठ्ठी पाठवली. पलीकडची हिमनदी बहुधा रोंगबुककडेच वाहत असावी, म्हणजे आपण अशक्यप्राय मानलेले उत्तरच खरे असावे, असा तिचा आशय. त्याच काही दिवसांत हॉवर्ड-बरीमार्फत व्हीलरचा नकाशाही पोचला. बुलकचे अनुमान आणि व्हीलरची मोजणी एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

१८ ऑगस्टला मॅलरी, बुलक आणि मॉर्सहेड एका हमालासह ल्हाक्पा ला या खिंडीवर चढले. उंची सुमारे ६,८०० मीटर. पहाटे निघालेली ही मंडळी तंबूत परतली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. खिंडीवरून ढगांच्या आडून त्यांना खाली पूर्व रोंगबुक हिमनदी आणि पलीकडे नॉर्थ कोलचा पायथा दिसला. मॅलरीच्या त्यानंतरच्या पत्रात विजयाचा सूर आहे: पाहणी पूर्ण झाली, वाट सापडली.

कोलवर आणि नंतर

पावसाळा ओसरायची वाट पाहण्यात आणखी महिना गेला. रेबर्नही याच काळात परत येऊन पोचला. २२ सप्टेंबरला सहा जण आणि सव्वीस हमाल ल्हाक्पा लावर पोचले. तिथल्या थंडीने बहुतेकांची शक्ती संपली. पुढे गेले तिघे: मॅलरी, बुलक आणि व्हीलर. पूर्व रोंगबुक हिमनदीवर एक रात्र काढून २४ सप्टेंबरला ते तीन हमालांसह नॉर्थ कोलवर, सुमारे ७,००० मीटरवर, उभे राहिले. वरची धार सोपी दिसत होती, पण वाऱ्यापुढे टिकाव लागेना. ते मागे फिरले. उतरून आल्यावर व्हीलरचे पाय बधिर झाले होते, आणि ते चोळून त्यांत रक्त खेळवले ते मॅलरीने. पत्रातली अढी आणि तंबूतली ही शुश्रूषा दोन्ही एकाच माणसाची आहेत. इतिहास लिहिताना दोन्हींची नोंद घ्यावी लागते.

मोहिमेच्या फलितातले सर्वांत टिकाऊ काम सर्वेक्षकांचे आहे. सुमारे १२,००० चौरस मैलांचा प्रदेश नव्याने नकाशावर आला, आणि त्याखेरीज एव्हरेस्टच्या भोवतीचा ६०० चौरस मैलांचा भाग व्हीलरने छायाचित्रांवरून बारकाईने मोजला. मॉर्सहेडच्या हाताखाली लालबीर सिंग थापा, गुज्जर सिंग आणि तुरूबाज खान हे सर्वेक्षक आणि अब्दुल जलील खान हा छायाचित्रकार होता. त्यांची नावे अहवालात आहेत, लोकप्रिय पुस्तकांत क्वचितच भेटतात. हमालांची स्वतःची पत्रे वा रोजनिश्या या संग्रहांत नाहीत. त्यांच्याबद्दल जे वाचायला मिळते ते साहेबांच्या लेखणीतून, आणि ते तसेच धरून वाचले पाहिजे.

१९२२ ची मोहीम सरळ पूर्व रोंगबुकच्या घळीने गेली आणि तिने हिमनदीच्या कडेने तीन तळ उभारले. ल्हाक्पा लाचा लांबचा फेरा तिला घ्यावा लागला नाही. व्हीलरच्या मोजणीचा हा पहिला आणि थेट उपयोग. पुढे १९४१ ते १९४६ या काळात तो भारताचा सर्व्हेअर जनरल होता. तरीही जनमानसात वाट शोधली ती मॅलरीने. याचे एक साधे कारण म्हणजे पर्वताच्या पाहणीची प्रकरणे मॅलरीने लिहिली, आणि उत्तम लिहिली. त्यांत व्हीलरच्या नकाशाचा उल्लेख आहे, पण कथेचा भर गिर्यारोहकांच्या स्वतःच्या तर्कावर आणि ल्हाक्पा लावरच्या चढाईवर आहे. वाचकाच्या मनात तेच राहिले.

कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर माझा निष्कर्ष असा आहे. मॅलरीची चूक आळसाची नव्हती. अपुऱ्या पाहणीवर बांधलेल्या चांगल्या तर्काची ती चूक होती, आणि उलट्या प्लेटांनी ती सुधारायची संधी हिरावून घेतली. पण माणसांमधल्या अंतराचाही तिच्यात वाटा आहे. हिमनद्यांचा प्रदेश मोजण्यात मुरलेला माणूस मोहिमेतच असताना गिर्यारोहक आणि सर्वेक्षक वेगवेगळ्या खोऱ्यांत, वेगवेगळ्या वेळी आणि मनाने दूर राहून काम करत राहिले. रोंगबुकमध्ये त्यांची गाठ पडली ती एकाची निघायची वेळ झाल्यावर. एकाने पाहिलेला ओढा आणि दुसऱ्याने मोजलेले खोरे एकत्र यायला तीन आठवडे आणि हॉवर्ड-बरीचे टपाल लागले. बुलकने योग्य अनुमान बांधले, त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मॅलरीने नॉर्थ कोल ही किल्ली ओळखली आणि तिथवर तुकडी नेली, हे त्याचे. पूर्व रोंगबुकची वाट मात्र प्रत्यक्ष आत शिरून, मोजून दाखवली ती ऑलिव्हर व्हीलरने, आणि एव्हरेस्टचा इतिहास मराठीत लिहिताना ती त्याच्याच नावावर नोंदवली पाहिजे.